पुनाच्या पालीची अंडी

पालीला पाल म्हटलेलं एरंडोलच्या पुनाला खपायचं नाही. "गेको म्हना," असं तो चिडून सांगायचा. भिंतीवर पाल दिसली की हाच माणूस केरसुणी घेऊन धावे. पण पुण्याहून आणलेल्या दोन ठिपकेवाल्या पालींना काचेची पेटी, खाली गरम चटई, खायला विकतचे रातकिडे. एरंडोलच्या उन्हात गरम चटई!

आषाढात मादीनं दोन अंडी घातली; ती ओल्या भुशाच्या डब्यात ठेवून पुना स्वतःला ब्रीडर म्हणवू लागला. येईल त्याला उभ्या उभ्या शिकवी : कोंबडीसारखं हे अंडं फिरवायचं नाही; वरची बाजू खाली गेली की आतला जीव गेला. एवढं कळत होतं. म्हणून वरच्या बाजूला खूण करायची, तर पठ्ठ्यानं देव्हाऱ्यातलं कुंकू लावलं.

"आहो, पेन्सिलनी खूण करा ना," बायको रत्ना म्हणाली. "ओल्या भुसामा कुकू टिकाव नही."

"तुले काय समजस? पहिली अंडी शेतस. शकुन नको?"

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. त्याआधी घर रंगवल्याशिवाय खान्देशात कुणी राहत नाही. रत्नानं चुना कालवला. अंड्यांचा डबा दुसऱ्या खोलीत न्यायला पुनानं स्वतःच उचलला, दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. ओल्या फरशीवर पाय घसरला. डबा सुटला नाही, पण आत अंडी गडगडली. झाकण काढून बघतो तर कुंकू भुशाच्या ओलीनं कधीच विरघळलेलं, अंडी सगळीकडून गुलाबी.

"वरनी बाजू कोनती व?"

"माले काय इचारतस? शकुनले इचारा."

अंदाजानं ठेवली. कानबाई बसली, भाऊबंद जमले, तरी हा डब्यापाशी उकिडवा. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ मोजतात. थोरली बहीण अक्का दारातून ओरडली, "पुना, तुन्हा नर पालना नावनं बी मूठभर टाकू का रे?"

सगळे भाऊबंद खदाखदा हसले. पुना जागचा हलला नाही.

आठव्या दिवशी अंडी चेपली, वर बुरशी धरली. फोडली तर आत शेपटी फुटलेली दोन पिल्लं, मेलेली. पुनानं ती उकिरड्यावर टाकली आणि गावभर सांगत सुटला, की रत्नाच्या चुन्याच्या वासानं गेली.