सुई कुणाला विचारून दिली?

"चालून दाखव."

डॉक्टर म्हणाला. दारापासून खिडकीपर्यंत. तितं तीन शिकाऊ डॉक्टर उभे, कोपऱ्यात अप्पा, माझे वडील. मी चालले. "चाल बघा," डॉक्टर त्या तिघांना म्हणाला. एकीनं तोंडावर फाईल धरली. हसू आवरत नसेल. परत चालायला लावलं. मला मात्र एक शब्द विचारला न्हाई. पंधरा वर्षांची होते मी. कागदावर मुलगा होते.

आमी मंद्रूपचे. अप्पा टेम्पो चालवायचे. आईचं काजळ लावताना मी घावले तवा त्यांनी मला लई मारलं, मग स्वतःच रडत बसले. आणि आणलं सोलापूरला, ह्या खासगी दवाखान्यात.

आमच्याकडं सुई दिली तरच डॉक्टर खरा. नुसत्या गोळ्या लिहून पाठवलं तर माणसं वाटभर शिव्या देत येतात. त्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "ताकदीचं इंजेक्शन देतो. तीन आठवड्यांनी परत या." मी खूश! वाटलं, ह्याला कळलं. आता मी पोरगी होणार. दंड मीच पुढं केला. अगं बाई, काय येडी होते मी.

दुसऱ्या खेपेला बाहेर बाकड्यावर ती भेटली. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच, पण नवी पेठेतल्या कापडवाल्यांची. तिला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. तासाभरानं बाहेर आली. तिच्या आईचा हात तिच्या खांद्यावर होता.

"सुई दिली?" मी विचारलं.

"नाही. नुसतं बोलले. काय म्हणून हाक मारू, असं विचारलं. कुठलं औषध काय करतं, काय परत फिरवता येत नाही, ते सांगितलं. आता पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. तुला काय वाटतं ते आधी आईबाबांशी बोल, म्हणाले."

मला तिची कीव आली. खरंच. एवढी श्रीमंत आणि बिचारीला साधी सुई न्हाई मिळाली!

चार महिन्यांत माझा आवाज फाटला. आवाज हा माझा एकच दागिना होता. मी मुद्दाम अप्पांचा फोन उचलायचे, पलीकडच्यानं "ताई, अप्पा हायत का?" म्हणावं म्हणून. आता लोक विचारायला लागले, "कोण, थोरला का?" ओठावर मिशी आली. सहाव्या खेपेला मी सिस्टरला विचारलं, हे काय व्हायलंय? ती कापूस तोडत म्हणाली, "पुरुषाचं इंजेक्शन आहे रे ते. दुसरं काय होणार? तुझ्या वडिलांनी सही केलीय की."

आत गेले. डॉक्टरनं सुई भरली. मी दंड मागं घेतला.

"मला न्हाई घ्यायचं."

"वय काय तुझं? तुला काय कळतं?"

"त्या कापडवाल्यांच्या पोरीचं बी पंधराच हाय की. तिला इचारलंत."

डॉक्टर माझ्याशी बोललाच न्हाई. अप्पांना म्हणाला, "ते शिकलेले लोक आहेत. तुम्ही याला धरा."

अप्पांचा हात उठला आणि तसाच राहिला. त्यांनी धरलं न्हाई. मी दार उघडून बाहेर पडले. पुढं कळलं, कागद इंग्रजीत होता. फुली मारली होती तितं अप्पांनी सही केलेली. ते बी फसले. पण सही त्यांची होती आणि अंग माझं. मी त्यांना माफ केलेलं न्हाई.

आणि मी तिच्यावर जळते. आज चोवीस वर्षांची हाय, शाळेचे गणवेश शिवते, तरी जळते. मोबाईलवर तिचे व्हिडिओ बघते. तिच्या गळ्यावर जळते, गालावर जळते, तिच्या आईच्या त्या हातावर जळते. सगळ्यात जास्त, तिला विचारलं ह्यावर. तिचं काय चुकलं? काय बी न्हाई. पोटातली आग असलं काय ऐकत न्हाई.

गेल्या महिन्यात करमाळ्याची एक बाई कुणाकडनं तरी माझा पत्ता काढून माझ्या खोलीवर आली. तिच्या लेकराला तोच डॉक्टर "ताकदीचं" देतोय. दोन सुया झाल्यात. लेकरू पायरीवर मान खाली घालून बसलेलं. मी बाईला सगळं सांगितलं. ती रडायला लागली. मी म्हणाले, रडू नका, आधी त्याला विचारा.

मग मी डॉक्टरांच्या कौन्सिलकडं त्याची तक्रार लिहिली, मराठीत, खाली माझं स्वतःचं नाव. तक्रारीला मदत करणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "तुझा आवाज काही परत येणार नाही."

माहीत हाय की. सुनावणीत मी ह्याच आवाजात बोलणार. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

त्या लेकराला काय पाहिजे, मला अजून ठाऊक न्हाई. ते सांगेल तवा सांगेल. तवर डॉक्टर असू दे, आई असू दे, मी असू दे, कुणी त्याच्या वतीनं ठरवायचं न्हाई. ते लेकरू ह्या सुयांतनं वाचलं तर मी त्याच्यावर बी जळणार. जळू दे मला. पण त्याला न विचारता तिसरी सुई मी देऊ देणार न्हाई.