ठासणीची बंदूक आणि कानाची डॉक्टर

आमच्या कार्डिफच्या घरात बंदूक मी आणली आणि ती बरी केली एका कानाच्या डॉक्टरने.

ही डॉक्टर म्हणजे माझी बायको, नीता. मी स्वतः भूलतज्ज्ञ. पन्नाशी जवळ आली की लोक गोल्फ खेळतात; मी जुन्या लढायांची प्रात्यक्षिकं करणाऱ्या एका मंडळात शिपाई म्हणून भरती झालो. दीडशे वर्षांपूर्वीच्या ठासणीच्या रायफलची हुबेहूब नवी नक्कल रीतसर लायसन्स काढून विकत घेतली. (तपासणीला आलेल्या पोलिसाने आधी लोखंडी कपाट पाहिलं, मग मला पाहिलं आणि विचारलं, "आर यू शुअर, डॉक्टर?") गोळी नसते हो त्यात! नळीत नुसती दारू, मागे तांब्याची बारकी टोपी. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि धडाम!

माझी बंदूक नुसती 'टिक' म्हणायची.

बंदूक अडली की रांगेतून मागे जायचं, हा आमच्या कॅप्टनचा, म्हणजे एरवी पोस्टमन असलेल्या गॅरेथचा, कडक नियम. त्यामुळे मी प्रत्येक युद्ध चहाच्या तंबूशेजारून पाहिलं.

त्या उन्हाळ्यात साताऱ्याहून सासरे आले. निवृत्त सुभेदार! प्रेक्षकांच्या पुढच्या रांगेत, जुलैत माकडटोपी घालून, ताठ बसले. माझी छाती फुगली. "फायर!" शेजारच्या नऊ बंदुका धडाडल्या.

टिक.

"डॉक, बॅक!"

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. गाडीत एवढंच म्हणाले, "हत्याराची निगा राखावी लागते."

मग काय! मी रोज संध्याकाळी बंदुकीला तेल पाजू लागलो. एकदा तेल संपलं तर खोबरेलसुद्धा घातलं! पुढच्या प्रात्यक्षिकात टोपीखालून चक्क बुडबुडा आला. तंबूतल्या बाईने न विचारताच माझा चहा ओतला.

घरी आल्यावर रिकामी बंदूक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. नीताने कान तपासायचा टॉर्च आणून आत डोकावून पाहिलं.

"तेल कोण घालतं?"

"मी. रोज."

"अरे अवि, माझ्याकडे असे पेशंट रांगेने येतात! आधी मळ, त्यावर तेल, आणि वर म्हणतात, ऐकू येत नाही. ठिणगी जायच्या भोकात लगदा झालाय नुसता."

"तेल ठेवणीतल्या हत्याराला," दारातून बाबा म्हणाले. "चालवण्याआधी पुसून कोरडं करायचं."

"मग बाबा, सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, जावईबापू."

खरंच होतं. बारा वर्षांत मी त्यांना 'प्रवास कसा झाला?' आणि 'गोळ्या घेतल्या का?' यापलीकडे काही विचारलंच नव्हतं. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे त्यांना कळू नये, याचीच मला धास्ती!

मी स्टूल पुढे केलं. "दाखवता?"

गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून त्यांनी नळी धुतली, चिंध्या सरकवल्या. नीताने आपल्या बारीक ब्रशने भोक साफ केलं. हात चालता चालता बाबा बोलू लागले. पहिल्याच पोस्टिंगवर त्यांनी रायफल ओली ठेवली होती, म्हणून ती डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या. "शिकवणाऱ्या उस्तादांना विचारायची लाज वाटली होती," ते म्हणाले. नीताने ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. चहा निवत गेला, कुणी उठलं नाही.

पुढच्या रविवारी बाबांच्या सांगण्यावरून मी आधी दोन नुसत्या टोप्या उडवून भोक कोरडं केलं, मग दारू भरली. "फायर!"

धडाम!!

आपल्या बंदुकीचा आवाज कानाशेजारी केवढा येतो, हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. मी जागच्या जागी, बंदूक छातीशी धरून, चिखलात बसलो. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला; त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

लढाई संपल्यावर बाबा माझ्यापाशी आले. आधी बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बंदुकीत आता काहीही दोष नाही," ते नीताला म्हणाले, आणि पुढचं वाक्य जावयाच्या मानाखातर गिळलं.