पाणी मागणाऱ्याला नाव विचारत नाहीत

"बस खाली. हात डोक्यावर."

मी बसलो. आमच्याच बंदरावर, माशांच्या घाण पाण्यात. पन्नाशी उलटलेला मी, बोटीचा मालक आणि बोट चालवणारा तांडेल, उकिडवा बसलो. समोर लिलावाला जमलेल्या बायका. त्यांत माझी बायको, पुढ्यात बोंबलांची टोपली. सगळ्यांचे हात थांबले.

"साहेब, मी दलातला माणूस आहे," असं म्हणून मी खिशातलं कार्ड पुढे केलं. किनाऱ्यावर नजर ठेवायला पोलिसांनी कोळीवाड्यातली माणसं निवडलीत, त्यातला मी. शिट्टी, टोपी, फोटोचं कार्ड. अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने कार्ड बघितलं आणि माझ्या पायाशी टाकलं.

"मग तुला तर जास्त अक्कल पाहिजे ना, काका?"

तू आणि काका. एकाच वाक्यात.

माझ्या बाजूला हसन उभा होता. माझा खलाशी, रत्नागिरीकडचा. केस काळे होते तेव्हापासून माझ्या बोटीवर. त्याला बसायला सांगितलं नाही. नाव विचारलं.

"हसन."

"हां."

बस, तेवढंच. त्या 'हां'नंतर त्याला दंडाला धरून गाडीकडे नेलं. तो अनवाणी होता. "चपला घेऊ का?" त्याने विचारलं. त्याला तसाच पुढे ढकललं. मी उठलो नाही. माझे हात डोक्यावर होते.

घडलं होतं एवढंच. आदल्या दिवशी खोल समुद्रात एक अनोळखी बोट दिसली. इंजिन बंद. बांबूच्या टोकाला रिकामा कॅन बांधून उंच धरलेला. कोळ्याच्या पोराला बोलायला येण्याआधी या खुणेचा अर्थ कळतो. पाणी संपलंय. समुद्रात पाणी मागणाऱ्याला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. माझ्या बापाने विचारलं नाही, त्याच्या बापानेही नाही. मी बोट जवळ घेतली आणि हसनला म्हणालो, "दे रे दोन कॅन." त्याने दिले.

आणि मग मी वायरलेसवरून पोलिसांना कळवलं. मी. कोणी विचारलं नव्हतं. अनोळखी बोट दिसली की कळवायचं, हे दलाचं काम. ऐटीत सगळं सांगितलं. बोट कुठे आहे, माणसं किती दिसली. "आमच्या हसनने त्यांना पाणी पण दिलं." पाणी देण्यात लपवण्यासारखं काही असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ती बोट पुन्हा कोणाला सापडली नाही. सापडला हसन.

मला कळत नाही असं कोणी समजू नये. समुद्रातून माणसं आली आणि या शहरात रक्त सांडून गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. पहारा हवाच. म्हणून तर मी दलात गेलो. नवा कडक कायदा समजावायला समाजमंदिरात सभा झाली, तेव्हा माईक हातात घेऊन मीच म्हणालो होतो, "ज्याने काही केलं नाही त्याला कशाची भीती?" टाळ्या पडल्या होत्या.

वकिलाने सांगितलं, या कायद्यात आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन मिळत नाही. वरवर! म्हणजे खरं काय ते कळेपर्यंत माणूस आत सडणार. त्यात केस पिकणार, पोरं मोठी होणार. मग कधीतरी कोणी म्हणेल, जा, तू निर्दोष. ही सुरक्षा? ही कोणाची सुरक्षा?

वाड्यातले म्हातारे म्हणाले, "देशाचा मामला हाय. गप रव." मी गप राहिलो. बायको नाही राहिली. बाजारातून आली, टोपली आपटली.

"त्याचं नाव तूच दिलंस ना? मग सोडव आता. का परत बसायचंय बंदरावर उकिडवं?"

मला अंधेरीच्या कार्यालयात बोलावलं. तोच अधिकारी. आता खुर्ची, चहा, आणि 'तुम्ही'. माझा जबाब आधीच टाइप झालेला. त्यात लिहिलेलं, मला न विचारता, त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलून, हसनने पाणी आणि डिझेल दिलं.

"साहेब, डिझेल नाही दिलं."

"दिलं असेल. तुम्ही सुकाणूवर होता, तुम्हाला दिसलं नसेल."

"आणि त्यांची भाषा म्हणजे? ते गुजराती बोलत होते. गुजराती तर अर्धं घाटकोपर बोलतं."

तो हसला नाही. "काका, मुलाने पासपोर्टसाठी अर्ज केलाय ना? व्हेरिफिकेशन आमच्याकडेच येतं." मग पेन पुढे सरकवलं. "साक्षीदार व्हा, नाहीतर आरोपी. मधली खुर्ची नाही."

माझा हात पेनापर्यंत गेला. खोटं कशाला बोलू? गेला. मुलाचा चेहरा दिसला. मग तो अनवाणी माणूस दिसला, चपला मागणारा. त्याने गाडीत चढताना एकदाही म्हटलं नव्हतं की पाणी द्यायला तांडेलाने सांगितलं. त्याने माझं नाव घेतलं नव्हतं. मी त्याचं घेतलं होतं.

मी उठलो.

"बसा, काका."

"नाही. उभ्यानेच सांगतो. बोटीवर तांडेलाचा हुकूम चालतो. मी सांगितल्याशिवाय खलाशी समुद्रात दोरीसुद्धा टाकत नाही. पाणी द्यायला मी सांगितलं. लिहा."

"काय बोलताय कळतंय ना?"

"कळतंय. लिहा."

त्याने लिहिलं नाही. अजून कोणी लिहून घेतलेलं नाही. हसन आत आहे. माझी बोट जप्त करून खाडीत बांधून ठेवलीय, तिच्या लाकडाला किडा लागलाय. मुलाचा पासपोर्ट अडकला, तो माझ्याशी बोलत नाही. मला अटकही करत नाहीत. का, ते मला ठाऊक आहे. माझं नाव त्यांच्या गोष्टीत बसत नाही.

बसवायला लावीन. प्रत्येक तारखेला मी कोर्टात जातो, वकिलामार्फत माझं म्हणणं लेखी देतो. नाकारलं की पुन्हा देतो. पाणी देणं गुन्हा असेल तर हुकूम देणारा पहिला आरोपी, आणि तो इथे उभा आहे. नसेल, तर हसनला आजच सोडा.

दोघं बाहेर, नाहीतर दोघं आत. तिसरं मी काही मान्य करणार नाही.