टुवर्ड्सचं मराठी

माझं बूड एका जागी टेकत नाही. बायको म्हणते, पायाला भिंगरी बांधलीय. नातवंडं म्हणतात, आजोबा, टीव्हीच्या आडवे येऊ नका. लातूरच्या जिल्हा कार्यालयात अनुवादकाच्या टेबलावर उभी नोकरी काढली, आणि उभी म्हणजे खरोखरच उभी. डाव्या हाताला इंग्रजी कागद, उजव्या हाताला मराठी, आणि मध्ये माझ्या येरझाऱ्या. अवघड शब्दांनी मला कधी छळलं नाही. छळलं ते टुवर्ड्सनं. कडे, दिशेने, प्रती, सुमारास, असे चार अर्थ कोशात दिलेत आणि चारही बरोबर आहेत. मी तो शब्द कितीतरी पत्रांतून बिनचूक उतरवला असेल, पण तो दिसला की खुर्ची मागं सरकवून उठायचो. का उठायचो, ते एकदा लिहून टाकावं म्हणतो.

आमचं गाव औशाजवळचं. गावातून इंग्रजी घेऊन बी.ए. करणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा मित्र, तेही नांदेडला. माझे मामा तिथं होते आणि त्याला तिथल्या वसतिगृहात जागा मिळाली होती. मी किराणा दुकानदाराचा, लिंगायत, गळ्यात लिंग घालणारा. तो गावाबाहेरच्या दलितांच्या वस्तीतला. जुन्या बाजारातून आम्ही वर्गणी काढून एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश घेतला. कोश एक आणि अभ्यास करणारे दोन, म्हणून ब्लेडनं शिवण कापून त्याचे दोन तुकडे केले. ए ते एल त्याच्याकडं, एम ते झेड माझ्याकडं. त्याला टी हवा असला की तो मामांच्या घरापर्यंत चालत यायचा, मला सी हवा असला की मी वसतिगृहावर जायचो. तिथं एका ताटात मिरचीभजी खाल्ली, एका गिलासानं पाणी प्यालो. त्यात काही विशेष केलं असं तेव्हा वाटलंही नाही.

सुट्टीला गावी यायचो तेव्हा फाट्यावर एकाच बसमधून उतरायचो. शाळेपर्यंत गप्पा मारत यायचो. शाळेपाशी रस्ता फुटतो. तिथून तो डावीकडं वळायचा, मी उजवीकडं. मी त्याच्या घरी गेलो नाही, तो माझ्या घरात आला नाही. दुकानाच्या पायरीखाली उभा राहून बोलायचा आणि मी वरून बोलायचो. त्या वस्तीला एक नाव होतं, पण ते गावात कुणी घेत नसे. 'तिकडं' म्हणायचे. तिकडं लगीन हाय. तिकडली बाई आलीय, हिला मीठ दे. हात करून दाखवायचीही गरज पडायची नाही, तिकडं म्हटलं की कळायचं.

पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी फिरकला नाही, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आता सगळं हाताशी आलं, अशी लोकांची समजूत होती. परीक्षा संपवून मी गावी आलो होतो, तो एका शिकवणीच्या कामासाठी नांदेडलाच राहिला होता. विहिरींचे तळ दिसत होते. लातूरहून एक भूजलवाले साहेब येऊन गेले, दोन दिवस शिवारात हिंडले, बोअरची जागा ठरवली, तिथं चुन्यानं रंगवलेला दगड ठेवला आणि सरपंचांच्या हातात इंग्रजी कागद देऊन गेले. आठ दिवसांत तो दगड तिथून गेला. कुणी हलवला ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे.

मग एका सकाळी बोअरची गाडी आली. गाडीवरची माणसं तमिळ मुलखातली. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. सरपंचांनी मला दुकानातून पारावर बोलावून घेतलं. फोरमननं तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, जागा कुठं? सरपंचांनी दिलेला कागद मी उघडला. शाळेपासून दोनशे फूट, टुवर्ड्स, आणि पुढं त्या वस्तीचं नाव, स्वच्छ टाइप केलेलं. गावात कधी तोंडून न निघालेलं नाव मी मोठ्यानं वाचलं.

"काय लिवलंय?" सरपंचांनी विचारलं, जसं काही त्यांना ते नाव ऐकूच आलं नव्हतं.

"शाळेपासून तिकडं," मी म्हणालो.

"तिकडं कशाला? गाव इकडं हाय," एक म्हातारे म्हणाले. "तिकडं पडलं तर आपल्या बायांनी तिकडं पाण्याला जायचं व्हय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. माझे वडील तसे हसतमुख, दुकानात लहान पोरालाही अहोजाहो करणारे. ते अगदी हळू बोलले. "कागद इंग्रजीत हाय. तुझ्याबिगर हितं वाचतंय कोण?"

फोरमन घाईत होता. त्याला दुसरं गाव गाठायचं होतं. "शो मी, सार," तो म्हणाला. मी चालू लागलो. माझ्यामागं ती अजस्र गाडी धूळ उडवत येत होती आणि तिच्यामागं सगळा गाव. शाळा आली. नांदेडहून आल्यावर आमची वाट जिथं फुटायची तिथं मी क्षणभर थांबलो. मग उजवीकडं वळलो आणि मारुतीसमोरच्या मोकळ्या जागेवर उभा राहून म्हणालो, "हिअर." त्या दिवशी मी एवढं एकच इंग्रजी बोललो.

संध्याकाळी पाणी लागलं. लागलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा वाटलं. बोअरमधून उडालेल्या पांढऱ्या भुकटीचा चिखल झाला, नारळ फुटला, वडिलांनी दुकानातले पेढे वाटले. शिकलेल्या पोराचं चीज झालं, असं म्हणून सरपंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. ते लपवून काय करू.

हातपंप बसला आणि त्याचा रिवाज आपोआप ठरला. तिकडल्या बायका घागरी घेऊन यायच्या, पण पंपाला हात लावायच्या नाहीत. लिंबाखाली घागरी मांडून बसायच्या. गावातल्या कुणाला सवड झाली, दया आली की तो दांडा मारून वरून धार सोडायचा. माझ्या मित्राची आई दुपारपासून बसलेली असायची. दुकानातून मला ती दिसायची. मी फळीवरचे डबे इकडचे तिकडं करत राहायचो.

महिनाअखेरीस तो नांदेडहून आला. आईला लिंबाखाली बसलेलं बघून थेट दुकानावर आला आणि पायरीखाली उभा राहिला.

"साहेबाचा कागद तुझ्याजवळ हाय म्हणं. दाव."

कागद माझ्याच खिशात होता. इतके दिवस का ठेवला होता, मला सांगता येणार नाही. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला, माझी घडी होती तशीच परत घातली.

"हितं टुवर्ड्स हाय," तो म्हणाला. "टी तुझ्याकडं हाय. बघून सांग त्याचं मराठी काय हाय ते."

मी तराजू पुसायला घेतला. तो शिवी देईल, पायरी चढून वर येईल, असं वाटत होतं. तो नुसता उभा राहिला आणि मग निघून गेला.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळच्या बसनं लातूर गाठलं. नवीन जिल्ह्याचं कार्यालय म्हणजे टेबलं आली होती, पण कोणत्या टेबलावर कोण, हे शिपायालाही सांगता येत नव्हतं. या दारातून त्या दारात हिंडत शेवटी तेच साहेब सापडले. बोअर चुकीच्या जागी पडला, म्हणालो.

"कागद कुणी वाचला?"

"मी."

"इंग्रजी येत नाही तर पुढं पुढं कशाला करता?"

इथं मला खरं बोलता आलं असतं. इंग्रजी येतं साहेब, चांगलं येतं, असं म्हणायला हवं होतं. मी मान खाली घातली. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, भाषांतरातील चुकीमुळे. मी त्याखाली सही केली. गावानंही तेच धरलं, पोराचं इंग्रजी कच्चं निघालं, आणि वडील सुटले, सरपंच सुटले, मीही सुटलो. पुढं त्याच कार्यालयात मला अनुवादकाची नोकरी लागली. यातला विनोद मला कळतो, हसू मात्र येत नाही.

दुसरी गाडी यायला दीड वर्ष लागलं. मी दर पंधरवड्याला त्या साहेबांच्या दारात उभा राहायचो, इतका की शिपाई मला बोअरवाले म्हणू लागला. या वेळी शाळेपासून डावीकडं मी स्वतः पावलं मोजत गेलो. बावीस-तेवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. दोनशे फूट म्हणजे काहीच नव्हतं. शाळेच्या ओट्यावरून हाक मारली तर ऐकू आली असती. पाणी लागलं, गोड लागलं. पण वस्तीतली निम्मी घरं कुलपात होती. माणसं कामाला पांगली होती. त्याच्या दाराला बाहेरून कडी होती. त्याला नांदेडात शाळेवर नोकरी लागली होती आणि आईलाही तो घेऊन गेला होता.

मी नांदेडला गेलो. काय सांगायचं ते ठरवून गेलो होतो. कोशाचा माझा अर्धा भागही पिशवीत घेतला होता. तो शाळेत गेला होता, खोलीत एकटी त्याची आई होती. गावात मी तिला नावानं हाक मारायचो, ती माझ्या आईच्या वयाची असून. त्या दिवशी तोंडातून मावशी निघालं. तिनं खाटेकडं हात केला.

"मावशी, तुमच्याकडं बोअर पडला. पाणी लागलं."

"लागलं व्हय," ती म्हणाली. "बरं झालं. ऱ्हायलेल्यांला झालं."

मी कोश खाटेवर ठेवला. उन्हातून चालून घसा कोरडा पडला होता. कोपऱ्यात नळ होता, नळाखाली भरलेली बादली होती. मी पाणी मागितलं. तिनं गिलास घासला, मग परत एकदा घासला, भरून माझ्या हातात दिला आणि मी सगळं पाणी पिईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"हितं मागितलासा, आप्पा," ती म्हणाली. "तिथं मी दोनशे फुटांवर व्हते की."