रात्रीचा दर

वॉटफर्डच्या त्या फ्लॅटमधल्या दुपारी मला आता वेगवेगळ्या आठवत नाहीत. सगळ्या मिळून एकच लांबलचक दुपार आठवते. चहाची वेळ व्हायच्या आत दिवेलागण झालेली असायची, समोरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून पिवळ्या होत जायच्या, आणि माझे बाबा दाराजवळच्या कपाटासमोर स्टूल टाकून विजेच्या मीटरकडे बघत बसलेले असायचे. मीटर जुना होता. काचेआड एक चकती फिरायची आणि तिच्या कडेवर एक काळी खूण होती. किटली लावली की खूण लगबगीने येऊन जायची. किटली बंद झाली की मग रमतगमत, वाट बघायला लावून यायची.

मी स्वभावाने तापट. घरात कोणी वाटेत बसलं की माझं डोकं फिरतं. एकदा त्यांना ओलांडून कोट काढताना मी विचारलंच, "एवढं काय बघताय हो त्यात?"

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "बरं वाटतं."

त्यांनी जन्मभर पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवली होती, त्यामुळे नुसतं बघत बसायचा त्यांना सराव होता. पण आई जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत 'बरं वाटतं' असं त्यांनी फक्त त्या मीटरबद्दल म्हटलं होतं. मग मी कपाटातले कोट आतल्या खोलीत हलवले आणि ती जागा त्यांना देऊन टाकली.

मला भाऊ नाही. आई गेल्यावर सप्टेंबरअखेर मी बाबांना सहा महिन्यांच्या व्हिसावर घेऊन आले ते जवळजवळ ओढूनच. लेकीच्या घरी बापाने फार राहू नये, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. त्यांच्या आजोबांच्या वेळी तर लेकीच्या घरचं पाणीही घेत नसत. बाबा तेवढे जुन्या वळणाचे नव्हते. पाणी प्यायचे, जेवायचे, मागून भातही घ्यायचे. पण रिकाम्या हाताने दारात पाऊल टाकायचे नाहीत. कॅनॉलवर फिरून आले तरी हातात काहीतरी असायचंच. दूध, केळी, कोथिंबिरीची जुडी. फ्रिजमध्ये दुधाला दूध लागून उभं असायचं. एकदा दुकान बंद होतं, तर कोटाचे दोन्ही खिसे भरून चेस्टनटची तपकिरी फळं घेऊन आले, शाळेतली मुलं दोऱ्यात ओवून खेळतात ती.

"बाबा, ही खात नाहीत."

"नसतील खात. रंग तर बघ!"

आणि खरंच, ती फळं टेबलावरच्या वाडग्यात ठेवली तेव्हा सगळी खोलीच जरा तपकिरी झाली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वीज कंपनीचं पत्र आलं. नवऱ्याने ते जेवता जेवता वाचलं. "आपलं ठरलेल्या दराचं फिक्स्ड डील संपतंय गं. महिनाअखेरपर्यंत दुसरं काही शोधलं नाही तर स्टँडर्ड रेटवर टाकतील. तो केवढा वर गेलाय बघ."

बाबा भात कालवायचे थांबले. म्हणाले, "माझं तिकीट डिसेंबरचं करून घे."

"का?"

"तुम्ही दोघं दिवसभर कामावर. घर तापवायचं ते एका माझ्यासाठी. आणि पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मला येऊन किती दिवस झाले ते तूच मोज."

"आणि तिकडे कोण आहे?"

"घर आहे की."

ते घर मी कुलूप लावताना पाहिलं होतं. आईच्या चपला अजून दाराशीच होत्या, कारण त्या उचलायला आम्हा दोघांचाही हात धजला नव्हता. त्या चपलांशेजारी आपल्या चपला काढून बाबा एकटे आत शिरणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी ताट बाजूला सारलं.

माझा नवरा कमी बोलतो, पण मधे पडायचं कधी ते त्याला कळतं. "बाबा, आपण असं करू," तो म्हणाला. "मी दुसरं डील शोधतो. आत्ताएवढ्याच पैशात मिळालं तर तुम्ही मार्चपर्यंत, व्हिसा आहे तोवर राहायचं. नाही मिळालं तर तिकिटाचं बघू."

"एक पेनी जास्त चालणार नाही."

"कबूल."

मी नंतर स्वयंपाकघरात त्याच्यावर कडाडले. बापाला काय असं पैजेवर लावतात का! तो भांडी विसळत म्हणाला, "नुसतं 'राहा' म्हटलं असतंस तर राहिले असते?" त्यावर मी आणखी चिडले.

आमच्या फ्लॅटमध्ये गॅस नव्हता. भिंतींना लागून जाडजूड हीटर होते आणि त्यांच्या पोटात विटा. मध्यरात्रीनंतर वीज स्वस्त व्हायची, तेव्हा त्या विटा आपोआप तापायच्या आणि दुसरा अख्खा दिवस हळूहळू ऊब सोडत राहायच्या. मागच्या हिवाळ्यात हे बिनबोभाट चाललं होतं. या वर्षी मात्र दिवाळीपासून थंडी पडली तरी सकाळी हीटरला हात लावावा तर गारढोण. घरमालकाला फोन केले. तो म्हणाला, जुने झालेत, बघतो. तोवर आम्ही प्लगवर चालणारा एक लहान हीटर आणला होता आणि तो दिवसभर, महागाच्या विजेवर, बाबांच्या पायाशी घुरघुरत असायचा.

डील शोधायचं ठरलं त्या रविवारी धुकं इतकं होतं की समोरची घरं गेलीच होती. खिडकीबाहेर नुसता पांढरा कागद. आवाजही येत नव्हते. आपण तिघं कुठल्याशा पाण्यावर तरंगतोय आणि फ्लॅटची दोरी सुटलीय, असं मला वाटत राहिलं, आणि खोटं कशाला सांगू, सुटली तर बरंच, असंही वाटलं. डिसेंबर तरी येणार नाही.

मी कॉम्प्युटर लावला. वेगवेगळ्या कंपन्यांचे दर शेजारी शेजारी मांडून दाखवणारी एक वेबसाइट होती. तिला आपण किती वीज वापरतो ते सांगावं लागायचं. मीटर वाचायचं काम अर्थातच बाबांचं. आमच्या मीटरवर दोन आकडे असायचे, एक दिवसाच्या विजेचा आणि एक रात्रीच्या. आठवडाभर दोन्ही आकडे तोंडपाठ ठेवून बाबा आता परीक्षेला आलेल्या मुलासारखे ताठ उभे होते.

"दिवसाचा आकडा पळतोय. पण एक आनंदाची गोष्ट आहे," ते म्हणाले. "रात्रीचा जवळजवळ हललाच नाही! मग तो रात्रीचा वेगळा दर हवाय कशाला? चोवीस तास एकच दर असलेलं काही नाही का?"

होतं. मी आकडे भरले आणि एकाच दराचं एक डील सगळ्यात वर आलं, आत्ताच्या खर्चाएवढंच, थोडं कमीच. मी आनंदाने ओरडले. बाबाही हसले. ते हसलेत हे बघून मला त्या वेबसाइटचे पाय धरावेसे वाटले. मी माऊस बटणावर नेला.

नवरा चहा घेऊन येत होता. तो दारातच थांबला. "रात्रीचा आकडा हलला नाही? मग आपले हीटर तापतात कधी?"

माझा माऊस बटणावरच थांबला.

"रात्री ना?" बाबा म्हणाले. "रात्री ते मी बंद करतो."

आमच्या प्रत्येक हीटरजवळ भिंतीत एक बटण होतं. रात्रीची स्वस्त वीज सुरू झाली की त्यावर लाल ठिपका उजळायचा. बाबा बाथरूमला उठायचे, त्यांना घरभर लाल ठिपके दिसायचे. पोरं विसरली वाटतं, असं म्हणून ते एकेक बटण बंद करत जायचे. वर सकाळी, आमची गैरसोय नको म्हणून, आम्ही उठायच्या आत पुन्हा सगळी लावून ठेवायचे! म्हणून तर आम्हाला पत्ता लागला नव्हता.

"बाबा!" माझा आवाज चढला. "इथे महिनाभर आपण तिघं कुडकुडतोय! त्या घरमालकाला मी काय काय बोललेय!" नवऱ्याला हसू आवरेना, बशीत चहा सांडला.

बाबा हसले नाहीत. स्टुलावर बसले.

"तुझी आई करायची ना ते," ते म्हणाले. "झोपायच्या आधी घरभर फिरायची. गॅस, नळ, बटणं. सगळं बघून मग पाठ टेकायची. ती गेल्यावर, तुम्ही सगळे परत गेलात त्या रात्री मी आपला जाऊन झोपलो. सकाळी बघतो तर स्वयंपाकघरातला दिवा चालूच. रात्रभर जळत होता. बंद करणारं कोणी नव्हतंच. मला फार वाईट वाटलं गं. तेव्हापासून मीच फिरतो."

मी माऊसवरचा हात काढला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आईला मी इतक्या वेळा आठवत होते, तिची भाजी, तिचं बोलणं, आणि ही तिची फेरी मात्र मी विसरले होते. ती रोज रात्री बाबांच्या पावलांनी आमच्या घरातून फिरत होती आणि मी शेजारच्या खोलीत ढाराढूर झोपलेली.

"म्हणजे खर्च वाढला तो माझ्यामुळेच," बाबा म्हणाले. "डिसेंबरचं तिकीट बघच आता."

त्या रात्रीपासून बटणांना हात लावायचा नाही असं ठरलं. "मग झोपताना मी काय बंद करू?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, स्वयंपाकघर तुमचं. तिथलं झाडून सगळं बंद करा. सकाळी उठले तर बाबा हॉलमधल्या हीटरवर दोन्ही तळवे ठेवून, डोळे मिटून उभे होते.

"हात लावून बघ," ते म्हणाले. "याचा रंग गेरूचा आहे."

तो आठवडा मला अर्धवट झोपेत गेल्यासारखा आठवतो. घर आतून ऊन झालं होतं. कामावरून आले की दार उघडतानाच ती ऊब गालाला लागायची. हीटरमधल्या विटा हळूहळू बारीकसा टक् आवाज करत निवायच्या आणि बाबा अंगावर शाल न घेता, वही मांडीवर घेऊन, खिडक्यांचे पिवळे चौकोन रंगवत बसलेले असायचे. लहान हीटर आम्ही पलंगाखाली ढकलून दिला. हे असंच राहावं, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं. आणि महिना तर संपत आला होता.

वेबसाइटवरचे जुने आकडे आता काही कामाचे नव्हते. शनिवारी मी एका कंपनीला फोन केला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी गाळून सांगितलं. पलीकडच्या मुलीचा आवाज इथल्या उत्तरेकडचा, गोड, जरा गाणारा. तिने सगळी चौकशी केली, रात्रीचा दर असलेलं वर्षभराचं डील काढलं आणि महिन्याचा आकडा सांगितला.

जुन्यापेक्षा जास्त होता. फार नाही. स्टँडर्ड रेटपेक्षा पुष्कळच कमी. पण जास्त होता.

बाबांना इंग्रजी आकडे चांगले कळत. त्यांनी मान खाली घातली. नवरा माझ्याकडे बघेना. या वेळेसाठी मी आठवडाभर भांडण रचून ठेवलं होतं, लेकीचा हक्क, आईची शपथ, सगळं. आणि आयत्या वेळी मी फक्त तो आकडा कागदावर लिहून घेतला. मुलीने विचारलं, हे डील घ्यायचं का? बाबा राहोत न राहोत, आम्हाला वीज तर लागणारच होती. मी कसंबसं येस म्हटलं.

मग ती एकेक विचारत गेली. नाव, पत्ता, बँक. शेवटी म्हणाली, अजून एकच. तुमच्या घरात साठीच्या पुढचं कोणी राहतं का? असलं तर आम्ही नोंद करून ठेवतो, थंडीत वीज गेली तर आधी त्यांची विचारपूस करता येते.

मी बाबांकडे बघितलं. काय सांगणार? राहतात म्हणू? पाहुणे आहेत, जायचे आहेत, तिकीट बघायचंय?

"हॅलो?" ती म्हणाली. "आर यू स्टिल देअर?"

बाबा स्टुलावरून उठले. सदऱ्याची वरची गुंडी लावली. टेबलाशी आले आणि फोनमध्ये खरोखरीच कोणी बसलंय असे वाकून, वर्गात बोलायचे तशा ठणठणीत आवाजात म्हणाले, "येस, मॅडम. आय लिव्ह हिअर. आय ॲम द फादर."

ती मुलगी म्हणाली, "लव्हली." त्यापुढे तिने मला काहीतरी विचारलं, ते तिला पुन्हा विचारावं लागलं.