खोकल्याची खूण

आमचे हे पिंपवाले. तळ्याकाठच्या तिन्ही गावांत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. द्राक्षं उतरवायच्या आधी होडीनं गावोगाव जायचं, वाइनच्या लाकडी पिंपांच्या लोखंडी पट्ट्या ठोकून घट्ट करायच्या आणि शेवटी आत डोकं घालून वास घ्यायचा. आंबूस वास आला की पिंप बाद. मग ते तिथल्या तिथे कुऱ्हाडीनं फोडायचं, नाहीतर वर्षाची वाइन नासलीच म्हणून समजा. यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे.

गेल्या हिवाळ्यात हे तापानं फणफणले. ताप उतरला, पण वास येईनासा झाला. मला कसं कळलं? दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं आणि हे शेजारी बसून खुशाल पेपर वाचताहेत! मी ओरडले तशी मान खाली घालून म्हणाले, "कुणाला सांगू नकोस गं. वास न येणाऱ्या पिंपवाल्याला कोण बोलावणार?"

माझ्यापासूनसुद्धा लपवलं, याचा असा संताप आला! पण संतापून काय होणार? शेवटी ठरलं, यंदा मी बरोबर जायचं. पिंप पुसायच्या निमित्तानं आधी मी वास घ्यायचा. खराब असेल तर खोकायचं, नाहीतर गप्प बसायचं. मी आणि गप्प! पण बसले.

दोन गावं सुरळीत पार पडली. तिसऱ्या गावाला जाताना वारा सुटला आणि मी लाटांनी चिंब भिजले. तिथली मळेवाली एकटी बाई. तिच्या तळघरात एकच मोठं पिंप, नवऱ्यानं जाण्याआधी करून घेतलेलं. मी वास घेतला. अगदी स्वच्छ. मागे सरले, आणि घशात अशी खवखव उठली की काही केल्या दाबता येईना. खोकलेच.

यांनी आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, "बाद."

बाईचा चेहरा पडला. तिनं कुऱ्हाड आणून दिली आणि पिंपावरून एकदा हात फिरवला. मी यांच्याकडे डोळे वटारून बघतेय, मान हलवतेय, पण यांचं लक्ष असेल तर शपथ! कुऱ्हाड वर गेली.

"अहो, थांबा! मला खरंच खोकला आला होता!"

बाई माझ्याकडे बघते, मग यांच्याकडे. यांनी कुऱ्हाड हळूच खाली ठेवली आणि स्वतःच सांगितलं, "मला वास येत नाही, वहिनी. हिवाळ्यापासून."

तिनं स्वतः वाकून वास घेतला. "चांगलं आहे," म्हणाली. मग यांच्याकडे वळून, "पट्ट्या ठोकायला येत जा, दादा. वास आमचा आम्ही घेऊ."

ती मनापासूनच बोलली होती. पण यांना ते फार लागलं. पट्ट्या ठोकताना यांनी एकदाही मान वर केली नाही. मला तिथे उभं राहवेना.

परतताना काठावरचे सगळे मळे पिकलेले. वल्ही थांबवून हे म्हणाले, "या दिवसांत तळ्यावर द्राक्षांचा वास पसरतो. येतोय का गं?"

माझं नाक तोवर पुरतं चोंदलं होतं.

"येतोय की," मी म्हणाले.

"कसा?"

मग मी सांगायला लागले, ते घराचा काठ येईपर्यंत सांगतच राहिले.