सामान्य वाचक, मुक्काम रेवदंडा

केतकी, ये गं, हा पेपर घेऊन अशी माझ्याजवळ बस बघू. दिनूभाऊजींना जाऊन दीड महिना झाला. तेराव्याला आलीस, पानावर बसून नुसती कढी प्यायलीस आणि डोळे पुसत एस.टी.त चढलीस, ती चढलीसच. मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. ‘काकूंना आता कशाला त्रास द्यायचा’ असं तू कुणाला तरी म्हणालीस, तेही माझ्या कानावर आलं आहे. अगं, एवढी शिकलीस आणि माणसाला त्रास कशाचा होतो ते कळू नये? पुरवणीच्या संपादकांनी ‘वहिनी म्हणून चार शब्द लिहा’ म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. फोन नाही तर नाही, पेपर तरी तुला वाचावाच लागतो.

बाकीच्यांनीही ऐकावं, चोरून काही नाही. दिनूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. हायकोर्टात वकील होते, आणि उमेदीची सारी वर्षं त्यांनी पेपरवाल्यांच्या आणि लिहिणाऱ्यांच्या केसेसमध्ये घातली. कुणी काही लिहायचं, कुणाला तरी ते झोंबायचं, की दावा यायचा, आणि लिहिणाऱ्याच्या बाजूने हे उभे. केतकी त्यांची ज्युनियर. ते गेले त्या दिवशी सकाळी मी वाडीत सुपारीला पाणी लावत होते. हिचा फोन आला. ‘काकू, सर...’ म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, ‘काय गं, कुठल्या केसचा निकाल लागला?’ सवयच तशी. त्यांच्या कचेरीतून फोन म्हणजे केस, दुसरं काही मनातच येईना...

माझं शिक्षण चौथी. लग्न होऊन रेवदंड्याला आले तेव्हा पोथीची अक्षरं तेवढी ओळखीची. पुढे जे काही वाचायला शिकले ते बदनामीच्या दाव्यांवर, हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगते. भाऊजी नवे वकील. शनिवारी दुपारी एस.टी.तून उतरायचे, पडवीतल्या झोपाळ्यावर बसायचे आणि माझ्यासमोर पेपरचं कात्रण धरायचे. ‘वहिनी, वाचा.’ मी खाली सुपारी फोडत बसलेली. लिहिणाऱ्याचं नाव मला दिसू नये म्हणून माझाच आडकित्ता उचलून त्या नावावर ठेवायचे. वाऱ्याने कात्रण उडायचंही नाही. नियम एकच, एकदाच वाचायचं आणि काय कळलं ते सांगायचं.

‘मलाच का?’ मी पहिल्यांदा विचारलं.

‘कोर्टात पहिला प्रश्न तोच असतो. हे वाचून सामान्य वाचकाला काय कळेल? आम्ही वकील लोक सामान्य कुठले राहायला!’

‘मग मी सामान्य होय?’

‘छे हो, वहिनी. तुम्हाला सोडून सगळं गाव सामान्य आहे. पण ते वाचत नाही ना!’

असे चावट. पुढे मला चाळिशी लागली आणि ‘वाचा’चं ‘वहिनी, चष्मा लावा!’ झालं. फाटकातूनच ओरडायचे. शेजारच्यांना वाटायचं, माझे डोळे तपासायला येतात.

आता धक्क्याची केस सांगते. खाडीपलीकडच्या एका गावात होड्यांसाठी नवा धक्का बांधला आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याची खपली निघाली. नवराबायको मिळून एक साप्ताहिक चालवायचे, त्यांनी लेख लिहिला. ठेकेदाराने दावा ठोकला आणि वर मागणी केली, आपल्याविषयी त्यांनी पुन्हा एक ओळही छापायची नाही. ती मागणी मान्य झाली असती तर साप्ताहिक संपलंच होतं. छापखान्याचं मशीन विकायची बोलणी सुरू झाली होती. भाऊजींनी बचाव ठरवून ठेवला होता, लेख सिमेंटवर आहे, माणसावर नाही. मग शनिवारी आले. चष्मा लावा, आडकित्ता ठेवला, मी वाचलं.

‘काय कळलं?’

‘धक्का कच्चा आहे. आणि बांधणारा चोर आहे.’

‘चोर कुठे लिहिलंय?’

‘ही शेवटची ओळ. “सिमेंट कुठे गेलं ते समुद्राला विचारू नका, बांधणाऱ्याला विचारा.” म्हणजे काय, आरती ओवाळली?’

‘वहिनी, पुन्हा एकदा नीट वाचा.’

‘एकदाच वाचायचं असतं. नियम तुमचा.’

त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. ‘तुम्ही माझी केस बुडवलीत,’ म्हणाले आणि ताटलीतलं घावन तसंच टाकून उठले. मला मेलं कसंसंच झालं. खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही वाटून गेलं.

पण हा माणूस इथून निघाला तो रिक्षा करून थेट संपादकाच्या दारात. ‘तुम्ही त्याला चोर म्हणालात. आता चोरी दाखवा.’ मग माहितीच्या अधिकारात कागद निघाले. कोळणींनी धक्क्याची ढेकळं मासळीच्या पाट्यांतून आणून दिली, ती तपासून घेतली. कागदावरचं सिमेंट आणि धक्क्यातलं सिमेंट यांची कधी भेटच झालेली नव्हती! कोर्टात पलीकडचे वकील तासभर घसा फोडून सांगत होते, सामान्य वाचकाला यातून ठेकेदार चोरच वाटेल. भाऊजी उठले आणि म्हणाले, ‘मान्य. तसंच वाटतं. आणि ते खरं आहे, आम्ही सिद्ध करायला तयार आहोत. आधीच तोंड बांधू नका, खोटे ठरलो तर भरपाई मागा.’ ठेकेदाराला मनाईहुकूम काही मिळाला नाही. साप्ताहिक अजून निघतं, अजून कुणाकुणाला झोंबतं.

जजसाहेबांनी हसून विचारलं म्हणे, ‘हा सामान्य वाचक तुम्हाला भेटलेला दिसतो?’ भाऊजी म्हणाले, ‘माझी वहिनीच आहे.’ हे त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि मला वाटलं, आता साक्षीला बोलावणार. इरकली साडी काढली, नारळाच्या वड्यांचा डबा भरला. भाऊजी शनिवारी आले ते मला तशी नटलेली बघून पडवीतच हसत खाली बसले. ‘वहिनी, सामान्य वाचक कोर्टात येत नसतो, तो घरीच असतो. आणि वड्या जजसाहेबांना दिल्यात तर मला तुमचा जामीन करावा लागेल!’ वड्या सगळ्या स्वतः संपवल्या.

चक्रीवादळात आमची निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हा त्याच साप्ताहिकात आलं, की वाडीवाल्यांनी पडलेली झाडं पाखाडीच्या दगडी पायवाटेवर लोटली आणि कोळीवाड्याची वाट अडवली. नाव नव्हतं, पण वाडी आमचीच. मी फणफणले. ‘भाऊजी, ठोका दावा!’ ते म्हणाले, ‘चष्मा लावा. खोटं काय आहे यात?’ खोटं काहीच नव्हतं. ‘मग गिळा,’ म्हणाले, आणि स्वतः कोयता घेऊन वाट मोकळी करायला गेले. त्या दिवशी कळलं, दुसऱ्याच्या लिहिण्याची बाजू घेणं सोपं, ते आपल्या अंगणात आलं की घशात अडकतं.

शेवटचे आले तेव्हा पायऱ्या चढताना दम लागत होता. तरी फाटकातून आरोळी आलीच. केतकी, तू आता एकटी लढवते आहेस ना, त्या केसचं कात्रण होतं. मी एकदाच वाचलं, सांगितलं. भाऊजींनी झोपाळा थांबवला... मग इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, ‘हे केतकीला सांगा. माझ्याकडून नको, तुमच्या तोंडून ऐकू दे.’

तर ते सांगायचं राहिलं आहे. इथे लिहिणार नाही, प्रकरण कोर्टात आहे, एवढं मलाही कळतं. फोनवरही नाही, त्या ओळीवर बोट ठेवून दाखवावं लागेल. कात्रण झोपाळ्यावर त्यांनी ठेवलं तिथेच आहे, वर आडकित्ता. सुपारी मी हल्ली शेजारणीच्या आडकित्त्याने फोडते. तुझी तारीख जवळ आली असेल. शनिवारची दुपारची एस.टी. पकड. रडायचं असेल तर रड, पण घावन खाऊन मग. आणि फाटकातून आरोळी मारायला विसरू नकोस, त्याशिवाय मला चष्मा सापडत नाही. ये गं लवकर.